दहापैकी किती गुण?

दुखणं दहा वर्षं टिकलं की त्याला कुणी रोग म्हणत नाही. ते घरातलं माणूस होतं. त्याची मर्जी सांभाळावी लागते, आल्यागेल्याशी त्याची ओळख करून द्यावी लागते. माझी कंबर चौदा वर्षं दुखते आहे. (एवढा टिकाऊपणा आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगलाही जमलेला नाही.)

अशा दुखण्यांवर संशोधन व्हायला हवं, हे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका केंद्राने ओळखलं. विषय होता जुनाट दुखण्यांवर अ‍ॅक्युपंक्चर, जोडीला योगासनं, काढे आणि नेहमीच्या गोळ्या. रुग्ण चौऱ्याऐंशी. सुया टोचणार डॉक्टर ऋता. आणि मी, वसंत मास्तर, निवृत्त मराठी शिक्षक, रुग्ण क्रमांक सात व मानद भाषातज्ज्ञ.

भाषातज्ज्ञ लागला, कारण रुग्णांनी भरायचा अर्ज इंग्रजीतून आला होता. त्यातल्या पेन स्कोअरला डॉक्टर ऋता मराठीतही पेन स्कोअरच म्हणत होत्या. मी जिवंत असताना ते शक्य नव्हतं. तीन बैठका घेऊन मी वाक्य घडवलं : ‘आपल्या दुखण्याला दहापैकी किती गुण?’ शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी खाली एक टीप होती, ती मी काढून टाकली. चांगल्या वाक्याला कुबड्या लागत नाहीत, असं मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे.

काम शिस्तीत सुरू झालं. शिरोळच्या बाळासोंनी आपल्या गुडघ्याला पहिल्या दिवशी दहापैकी दहा दिले आणि सहा आठवड्यांनीही दहाच दिले. “आमच्या तालुक्यात असला गुडघा दुसरा दावा,” असं त्यांचं म्हणणं होतं. मी माझ्या कंबरेला आधी सहा दिले, नंतरही सहा. उभ्या आयुष्यात मी कुणाच्या निबंधाला सहाच्या वर गेलो नाही, कंबरेचे लाड का करावेत?

हुपरीच्या बयाबाई चांदीचे पैंजण करतात. तीस वर्षं मान वाकवून कड्या जोडल्यामुळे त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांनी पहिल्या आठवड्यात दोन गुण दिले, सहाव्या आठवड्यात नऊ. आता नियम असा होता, की दुखणं वाढलं तर सुया ताबडतोब थांबवाव्यात. त्याप्रमाणे थांबवल्या. अहवालाच्या मसुद्यात नोंद झाली : ‘एका महिला रुग्णास उपचारांमुळे अपाय.’ शुद्धलेखन मी तपासलं. एकही चूक नव्हती.

तीन आठवड्यांनी बयाबाई केंद्रात आल्या, त्या भांडायलाच. डॉक्टर ऋतांनी त्यांना समजावलं, “अहो, तुमचं दुखणं दोनाचं नऊ झालं, म्हणून सुया बंद केल्या.”

“दुखणं?” बयाबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “आवं, पयल्यांदा दोन गुण आला, मग नऊ गुण आला! माझी येणी माझी मी घालत हुतो की! आता हात परत खाली यायला लागलाय. लगीनसराईच्या ऑर्डरी पडल्यात. ह्या हातावर घर हाय माझं. कुणी लिवलंय ते गुण?”

डॉक्टर ऋतांनी माझ्याकडे पाहिलं. औषधाला गुण येतो, हे मराठी अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याला ठाऊक होतं. ज्याला ते आठवलं नाही, असा एकच माणूस शोधून काढून आम्ही त्याला तज्ज्ञ नेमलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. (पस्तीस वर्षांत हे वाक्य मी फक्त फळ्यावर लिहिलं होतं, कर्ता ओळखायला.)

मग चौऱ्याऐंशी जणांना फोन करून विचारलं, गुण म्हणजे कोणते? एकतीस जणांनी दुखण्याला मार्क दिले होते. बावीस जणांनी आलेला गुण मोजला होता. एकोणीस जणांनी “तुमास्नी कंचं पायजेत?” असं उलट विचारलं. उरलेल्या बारा जणांनी डॉक्टरीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून चांगले आकडे दिले होते. चांगले म्हणजे मोठे की लहान, हे त्यांनाही सांगता येईना.

बयाबाईंच्या सुया पुन्हा सुरू करायला नियम आडवा येत होता. डॉक्टर ऋतांनी सरळ त्यांचं नाव संशोधनातून काढून टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी सुया टोचल्या. महिन्याभरात बयाबाई उजव्या हाताने वेणी घालू लागल्या.

“डॉक्टरीणबाईच्या हाताला गुण हाय, एवढं लिवा की मास्तर,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर ऋता म्हणाल्या, “लिहू नका. एकीवरून काहीच सिद्ध होत नाही. विश्रांतीनंही उतरलं असेल.” मी लिहिलं नाही. डॉक्टरीणबाई खऱ्या शास्त्राच्या बाईमाणूस आहेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नाही.

अहवाल छापून आला. रुग्ण त्र्याऐंशी, निष्कर्ष : आणखी संशोधनाची गरज. तो वाचून केंद्रात एक फोनसुद्धा आला नाही. बयाबाईंनी मात्र हुपरीच्या एसटीत हात वर करून दांडी धरली, आणि पुढच्या सोमवारी चौदा बायका दारात उभ्या राहिल्या.

लोक अडाणी आहेत, आकडे बघत नाहीत, असं तुम्ही म्हणणार. तुम्ही शिकलेली मंडळी. तर मग वर न बघता सांगा : दुखण्याला मार्क देणारे किती जण होते, आणि आलेला गुण मोजणारे किती?

बरं, असू द्या. बयाबाईंचा कोणता हात दुखत होता?

बरोबर. या मग सोमवारी. नंबर सकाळी आठला लावतात, आणि अर्ज अजून माझाच आहे.