समासातलं प्रश्नचिन्ह

या गोष्टीचे पाच भाग आहेत. मोजून घ्या.

एक

"माझा प्रोग्रॅम कुठलीही फाईल उघडतो, बाबा! कुठलीही! तुम्ही फक्त द्या!"

जावयाने लोण्याची सुरी तलवारीसारखी उगारून हे जाहीर केलं. लोकांनी पाठवलेले दस्तऐवज वाचून पडद्यावर नीट मांडणारा प्रोग्रॅम लिहिणं, ही त्याची नोकरी. सहा वर्षं तो तेवढंच करत होता आणि घरात तेवढंच बोलत होता.

समोर सासरे. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक. निवृत्त झाले तरी औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा पेन्सिल हातात घेऊनच वाचायचे. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला.

"एकशेसात पानं आहेत, जावईबापू. शुक्रवारी दुपारी छपाईला द्यायची. कुठेच उघडत नाहीत."

बायको हातातलं काम टाकून पुढे आली. कारण ती पानं सासूबाईंची होती. शेवटची दोन वर्षं त्या सांगत गेल्या आणि सासरे दोन बोटांनी टाइप करत गेले. दुसरी प्रत नव्हती. सांगणारीही आता नव्हती.

"एवढंच ना!" म्हणत जावयाने फाईल उघडली. आणि फोटोवाला 'हसा' म्हणताच एखाद्या काकांना भोवळ यावी, तसा प्रोग्रॅम आडवा!

"उघडली?" बायकोने विचारलं.

"उघडतेय."

"मग पडदा काळा का?"

"विचार करतोय तो!"

विचार कसला! फाईलच्या डोक्यावर लिहिलं होतं, आत परिच्छेद नऊशे चौदा. निघाले नऊशे नऊ. प्रोग्रॅम नऊशे दहावा शोधायला गेला आणि नसलेल्या पायरीवर पाय टाकून कोसळला.

"बाबा, तुम्ही या फाईलला काही केलंत का?"

"छे! फक्त साफ केली. साध्या मजकुराच्या खिडकीत उघडून पाहिली, तर शब्दांच्या मधे मधे कंस, तारे, आकडे! एवढी घाण मी आयुष्यात छापू दिली नाही. काढून टाकली."

जावयाने कपाळाला हात लावला. ती घाण म्हणजे फाईलचा सांगाडा होता!

दोन

मंगळवारी त्याने प्रोग्रॅमला शिकवलं: लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोज. बुधवारी सकाळी फाईल पुन्हा उघडली. या वेळी प्रोग्रॅम पडला नाही, हरवला! एका तक्त्यात शिरला, त्यात दुसरा तक्ता, त्यात तिसरा. सरकारी कचेरीत गेलेल्या माणसासारखा या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी दम लागून मेला.

"बाबा! तक्ता संपल्याची खूण कुठे गेली?"

"एकटाच कंस होता हो. जोडीदार नाही, काही नाही. काल संध्याकाळी काढला." सासरे मदतीच्या आनंदात होते. "अजून थोडी साफ करू का?"

"नको!!"

तीन

मग जावई चिडला, आणि चिडलेल्या माणसाला सगळ्यात सोपा उपाय सुचतो. त्याने प्रोग्रॅमला एकच नियम दिला: जे कळणार नाही ते सोडून दे, आणि सगळं ठीक आहे म्हण.

गुरुवारी ऑफिसात वरिष्ठ मॅडमपुढे प्रयोग. "आता हा मरूच शकत नाही!" जावई म्हणाला.

मॅडमनी एक मोडकी फाईल टाकली. 'दस्तऐवज उत्तम आहे.' टाळ्या! मॅडमनी स्वतःच्या मांजराचा फोटो टाकला. 'दस्तऐवज उत्तम आहे. पानं शून्य.' टाळ्या थांबल्या. मॅडमनी एक गाणं टाकलं. तेही उत्तम.

"मरत नाही हे खरं," मॅडम म्हणाल्या, "पण हा जिवंत आहे याला पुरावा काय?"

घरी येऊन त्याने सासऱ्यांची फाईल उघडली. एक पांढरंशुभ्र पान. खाली ओळ: 'दस्तऐवज उत्तम आहे.'

सासरे त्या कोऱ्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. चूक शोधायला तिथे एक अक्षरही नव्हतं.

बायको दारात उभी होती. "प्रोग्रॅम तुझ्यावर गेलाय," ती हळूच म्हणाली. "मी काहीही सांगितलं की तूही हेच करतोस. 'हं, ठीक आहे.' आत पानं शून्य."

जावई म्हणाला, "हं." आणि जीभ चावली.

चार

"बाबा, तुम्ही काय करायचात? मजकूर कळला नाही तर?"

सासरे खुर्चीत सरळ बसले. "तीन गोष्टी करायच्या नाहीत. काम टाकून उठायचं नाही. मनचं घुसडायचं नाही. आणि गुपचूप पुढे जायचं नाही. समासात प्रश्नचिन्ह काढायचं, पुढचं वाचायचं, आणि शेवटी ज्याचं आहे त्याला विचारायचं."

जावयाने जुना नियम खोडला आणि प्रोग्रॅमला हेच शिकवायला बसला. सहा वर्षं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर त्याने कुणाला विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता फाईल उघडली. एकशेसात पानं! पहिल्याच पानावर सासूबाईंनी दिलेलं नाव: 'यांना सांगितलेलं, पण यांनी न ऐकलेलं'. समासात तीन प्रश्नचिन्हं.

पहिल्या दोन जागा सासऱ्यांनी आठवून भरल्या. तिसरीपाशी त्यांची पेन्सिल थांबली.

"इथे ती काहीतरी म्हणाली होती," ते म्हणाले. "मी तेव्हा तिचं वाक्य दुरुस्त करत होतो."

"काढून टाकू का चिन्ह?"

"राहू दे. ज्याचं आहे त्याला विचारायचं राहिलंय, हे वाचणाऱ्याला कळू दे."

पानं प्रश्नचिन्हासकट छपाईला गेली. दुपारी चहा घेताना बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काही नाही, जाऊ दे."

आजवर या वाक्यावर जावई 'हं' म्हणून बिस्किट बुडवायचा. आज त्याने बिस्किट खाली ठेवलं.

"थांब. काय जाऊ दे? मला कळलं नाही. नीट सांग."

बायकोने त्याच्याकडे वळून पाहिलं. कप बाजूला सरकवला. खुर्ची पुढे ओढली.

"कुठल्या वर्षापासून सुरू करू?"

पाच

(हा भाग बायको सांगते आहे. अजून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षात आहे. जावई ऐकतोय. बिस्किट मऊ पडलंय.)