ईस्क्राला दोन तारे

आपल्याला घाबरवील असा चित्रपट अजून जन्माला यायचाय, असं हरालांपी दिनेव छातीठोकपणे सांगायचा. डॅन्यूबकाठच्या लोम गावच्या साप्ताहिकात तो एकतीस वर्षं परीक्षणं लिहीत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या तावडीतून एकही भूत धड सुटलं नव्हतं. "आण कुठलंही," तो संपादक मिन्चोला म्हणायचा. "माझी कॉफी संपायच्या आत त्याचं काम तमाम."

या आठवड्यात मात्र त्याला दोन मजकूर लिहायचे होते. एक, 'अक्रोडाखालचं घर' या नव्या भुताच्या चित्रपटाचं परीक्षण. दुसरा, बायकोच्या सहा महिन्यांच्या स्मरणपत्राचा. लोममध्ये माणूस गेलं की त्याच्या फोटोचा, काळ्या चौकटीचा कागद दारांवर, झाडांवर, बसथांब्यावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी नवा, तीन महिन्यांनी नवा, सहा महिन्यांनी पुन्हा नवा. त्यावर वेळ दिलेली असते, आणि त्या वेळी लोक कबरीपाशी जमतात.

खरी काळजी या जमण्याचीच होती. त्याची बायको ईस्क्रा सत्तावीस वर्षं चित्रपटगृहाच्या तिकीट-खिडकीत बसली होती. अर्ध्या गावानं आपलं पहिलं प्रेम तिच्याकडेच कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या मागून निभावलं होतं. चाळिसाव्याला कबरीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. तीन महिन्यांनी आले पाच जण. हरालांपीनं रिवाजाप्रमाणे वाटायला चार किलो गहू उकडून त्यात साखर-अक्रोड घातले होते; तो पुढं आठवडाभर एकटाच खात बसला. पोट बिघडलं त्याचं त्याला काही नव्हतं. आपल्या ईस्क्राला लोक इतक्या लवकर विसरले, हे त्याला सोसवेना. या वेळी कुणीच आलं नाही तर?

मंगळवारी त्यानं दोन्ही मजकूर एका बैठकीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर हातानं लिहिले. परीक्षण लिहिताना त्याचा पारा चढला होता. चित्रपटातल्या विधुराला मेलेली बायको स्वयंपाकघरात उभी दिसते, आणि तो गडी किंचाळत घराबाहेर पळतो! अरे मूर्खा, पळतोस काय? खुर्ची दे तिला. कॉफी टाक. हे सगळं कागदावर उतरवणं काही त्याला जमलं नाही, म्हणून त्यानं नेहमीसारखं खरपूस लिहिलं आणि खाली तारे काढले. मग दोन पाकिटं केली, एक मिन्चोला दिलं, दुसरं छापखान्यातल्या दोचकाला. आणि वर "माझ्या हातून आजवर एक स्वल्पविराम चुकला नाही" असंही तिला ऐकवून आला.

गुरुवारी सकाळी मेहुणीचा फोन आला. झ्लाता ही ईस्क्राची थोरली बहीण, आणि तिच्यापुढं हरालांपीची सगळी ऐट वितळायची.

"औषधाच्या दुकानासमोर ये."

"काय झालं, ताई?"

"माझ्या बहिणीला तू दोन तारे दिलेस."

हरालांपी घरातल्या चपलांवरच धावला. दुकानाच्या भिंतीवर काळ्या चौकटीत ईस्क्रा हसत होती. फोटो आणि चौकट दोचकाकडे आधीचीच होती. खाली छापलं होतं: "बाई येतात फार उशिरा. आल्या तरी एक शब्द बोलत नाहीत, आणि कारण न देता निघून जातात. त्यानंतर घरात पाहण्यासारखं काहीच उरत नाही. दोन तास बसवत नाही." आणि त्याखाली दोन ठसठशीत तारे.

"पाचातले दोन," झ्लाता म्हणाली. "मी तुझे लेख वाचते, मला कळतं. इतकं काय वाईट केलं होतं तिनं तुझं?"

"ताई, पाकिटं बदलली गं."

"तीन तरी द्यायचे होतेस."

तो तसाच छापखान्यात गेला. दोचका शांतपणे म्हणाली, "भाऊ, दुःखात माणूस काय लिहील त्याचा नेम नसतो. मी कोण दुरुस्त करणार?"

"अगं, पण तारे?"

"ज्यांना क्रूस नको असतो ते तारा लावतातच की. जुने कम्युनिस्ट पक्षवाले सगळे लावतात. मला वाटलं, ईस्क्रावहिनी मोठ्या पदावर असतील, म्हणून दोन."

साठ कागद गावभर लागले होते, आणि एकावरही ना वार होता ना वेळ. हरालांपी ते फाडायला निघाला. तिसऱ्या झाडाशी एका म्हातारीनं त्याच्या पाठीत छत्री घातली. मेलेल्या माणसाचा कागद कुणी फाडत नाही. तो पावसानं आपसूक जायचा असतो. "लाज नाही वाटत?" ती म्हणाली. "कुणाची तरी बायको आहे ती."

"माझीच आहे, आजी."

"मग तर जास्तच लाज वाटायला हवी."

खचून तो साप्ताहिकाच्या कचेरीत गेला. मिन्चो खुशीत होता. चित्रपटाच्या मथळ्याखाली छापून आलं होतं: "सहा महिने झाले. घर आहे तिथंच आहे, पण त्यात राहवत नाही. दिवा लावला तरी अंधार जात नाही. शनिवारी सकाळी दहा वाजता, दफनभूमीच्या फाटकाशी. कुणी आलं तर बरं वाटेल."

"काटा आला रे अंगावर," मिन्चो म्हणाला. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा तू घाबरलेला दिसलास. आणि ती दफनभूमीची कल्पना चित्रपटवाल्यांची का?"

हरालांपी अंकाची घडी करून बाहेर पडला. वेळ माहीत होती ती भुतांच्या शौकिनांना; गावाला माहीत होतं एवढंच, की दिनेवला बायको दोन ताऱ्यांची वाटते. शनिवारी त्यानं गहू अर्धाच किलो उकडला.

दहा वाजता फाटकाशी तीस-पस्तीस माणसं उभी होती. एकही ओळखीचं नव्हतं. काहींनी तोंडाला पांढरा रंग फासला होता, आणि शेजारच्या गावाहून आलेल्या एका लठ्ठ गृहस्थानं घडीची खुर्ची बरोबर आणली होती. सगळे मुकाट हरालांपीच्या मागून कबरीपर्यंत आले. त्यानं वाइनची धार मातीवर सोडली, झ्लातानं चमचा-चमचा गहू वाटला. लोकांना व्यवस्था फारच आवडली.

"छान जमवलंय," खुर्चीवाला हळूच म्हणाला. "पण बाई कधी दिसणार?"

"मीही सहा महिने वाट बघतोय," हरालांपी म्हणाला. "स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर ठेवतो. नाही येत."

गृहस्थानं दगडावरचा फोटो पाहिला, मग हरालांपीचा चेहरा पाहिला. तोंडाशी नेलेला गहू त्यानं खाली घेतला. मागं कुजबुज पसरली, कुणी रुमालानं तोंडावरचा रंग पुसू लागलं. आता हे सगळे निघून जाणार, हे हरालांपीला दिसत होतं, आणि त्याला रडू आवरेना. तो म्हणाला, "माफ करा मंडळी, चूक माझी आहे. तुमचा शनिवार फुकट गेला."

कुणी हललं नाही. खुर्चीवाल्यानं टोपी काढली, खुर्ची उघडून हरालांपीला तिच्यावर बसवलं, आणि विचारलं, "कशा होत्या हो वहिनी?"

दोन तासांचा चित्रपट सहा ओळींत निकालात काढणारा तो माणूस बोलायला लागला. बारा वाजून गेले, झ्लातानं दोनदा कोपर मारलं, तरी गडी अजून लग्नापर्यंतही पोचला नव्हता.