नंबरप्लेटच्या चौकटीवरील स्वारी

तमाम वाहनधारक, पायदळ आणि सिग्नलला खोळंबलेली रयत यांसी कळावे की, मोठमोठ्या लढायांची वर्णने लिहिणारे बहुत जाहले, परंतु मोटारगाडीच्या पिछाडीस नंबरप्लेटभोवती जी वीतभर प्लास्टिकची चौकट असते, तिजपायी काय रण माजले हे लिहून ठेवणारा कोणी निघाला नाही. सबब हे वर्तमान, जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ बेताचेच घालून, येथे सादर केले असे.

दंतवैद्य बाईसाहेब, दाढउपटण-समशेरबहाद्दर, यांच्या दवाखान्याचा अंमल बाजाराच्या कोपऱ्यावर बहुत वर्षे निर्वेध चालला होता. भला पहिलवानही त्यांच्या खुर्चीत बसला म्हणजे चिमटा पाहून आ वासून शरण येई. परंतु या पराक्रमी बाईसाहेबांस स्वतःची म्हणून गाडी नव्हती. गरज पडेल तेव्हा दिरांची गाडी मागून आणावी, आणि आणताना जाऊबाईंचे फर्मान ऐकावे की, "आमची गाडी आहे हं, जरा जपून." मग परत नेताना जाऊबाईंनी गाडीभोवती गस्त घालून ओरखडे धुंडावे, आणि बाईसाहेबांनी कच्च्या कैद्यासारखे हात बांधून उभे राहावे. ऐसे किती दिवस काढले. मग एके सकाळी मर्जी खप्पा जाहली आणि स्वकमाईची, कोरी करकरीत, निळी गाडी घ्यावयाचा मनसुबा पक्का केला.

शोरूमच्या दरबारी स्वागत थाटाचे जाहले. तेथील सेल्समन, ज्यास सर्व टायवाला म्हणत, तो सौदा ठरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ फोन करून बाईसाहेबांच्या प्रकृतीची चौकशी करी आणि फेसाळ कॉफी स्वहस्ते आणी. गाडी हवाली करतेवेळी लाल मखमली आच्छादन ओढले, फीत कापली, नोकरवर्गाने हुकमी टाळ्या वाजविल्या, आणि बाईसाहेब फोटोत डोळे मिटलेल्या आल्या. त्याच गडबडीत शत्रूने पिछाडीस आपले ठाणे बसविले, याची गंधवार्ताही त्यांस नव्हती.

गाडी दारी दाखल जाहली. यजमान, म्हणजे बाईसाहेबांचे पती, स्वभावे तहाचे पक्षपाती, ते सर्व बाजूंनी पाहणी करून आले आणि म्हणाले, "झकास आहे. पण मागे ही जाहिरात कसली?"

बाईसाहेबांनी मागे जाऊन पाहिले. मधोमध गाडीचा नंबर अंग चोरून बसला होता. वर सोनेरी ठसठशीत अक्षरांत शोरूमचे नाव, आणि खाली तैशाच अक्षरांत मजकूर: 'आमची गाडी, आमची शान.'

"आमची म्हणजे कोणाची?" बाईसाहेब म्हणाल्या.

"शोरूमची असेल. अगं, सगळ्यांच्याच गाडीला असते. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!"

मग स्क्रूड्रायव्हर मागविला आणि किल्ल्यास वेढा घातला. परंतु शत्रू बिलंदर. त्याने स्क्रूऐवजी रिव्हेट ठोकिले होते, ज्यांस ना खाच ना आटे. स्क्रूड्रायव्हरचे टोक वाकले, बाईसाहेबांचे नख मोडले, आणि यजमानांनी दुरून सल्ला दिला की आता राहू दे. त्यावर बाईसाहेबांनी एक नजर टाकिली, आणि यजमान चहा टाकावयाचे निमित्ताने माघारी फिरले.

मग दवाखान्यातील दुपारच्या भेटी पुढे ढकलून बाईसाहेबांनी जातीने शोरूमवर कूच केले. तेथे पाहती तो राज्य पालटलेले. टायवाल्याने ओळख धरिली नाही; कॉफीच्या ठिकाणी कागदी पेल्यात कोमट पाणी आले. गाडी विकत घेतलेल्या माणसाइतके शोरूमला नकोसे माणूस दुसरे नाही, हे बाईसाहेबांस तेथे प्रथम उमगले. बहुत खोळंब्यानंतर मॅनेजरसाहेब, काचेच्या केबिनीचे अधिपती, यांची भेट जाहली.

"मॅडम, ती फ्रेम फ्री आहे," मॅनेजर म्हणाले.

"मला नकोय."

"पण फ्री आहे."

"अहो, तुमची जाहिरात मी माझ्या पेट्रोलवर गावभर का फिरवायची? मी कोणाची कवळी बसवली तर त्याच्या दातांवर माझ्या दवाखान्याचं नाव कोरते का?"

मॅनेजरांनी क्षणभर विचार केला. ती कल्पना त्यांस वाईट वाटली नसावी. मग गळा साफ करून फर्मान सोडिले की, चौकट हा कंपनीचा नियम आहे, ग्राहकवर्ग तिजवर खूश आहे, आणि कोणी ती परस्पर उपटिली तर वॉरंटीविषयी आपण जबाबदार नाही. वॉरंटी या शब्दासरशी भले भले गाडीवाले आजवर शस्त्र टाकून गेले होते. बाईसाहेबही केबिनीबाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. डोळ्यांत पाणी येईलसे वाटले, आणि एवढ्याशा प्लास्टिकपायी यावे याचा राग अधिकच आला.

शेजारी एक पोक्त गृहस्थ बसले होते. ते शववाहिकेचे ड्रायव्हर, त्यांस सर्व काका म्हणत. त्यांनी केबिनीतील रणधुमाळी काचेतून ऐकिली होती.

"ताई, माझ्या शववाहिकेलाही तीच आहे," काका म्हणाले.

बाईसाहेबांस नीट उलगडेना. "शववाहिकेला? 'आमची शान'?"

"हो ना. मी हळू चालवतो. मागून घरची माणसं चालत येतात, मान खाली घालून. मान खाली घातली की बरोबर डोळ्यांसमोर तेच येतं. परवा एक बाई आईला पोचवायला आली होती. वाचलं तिनं, आणि माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? दर सर्व्हिसिंगला सांगतो यांना, काढा म्हणून. हसतात."

बाईसाहेब हसल्या नाहीत. आपले दुःख त्यांस एकाएकी थोडे लहान वाटले, आणि राग मात्र दुप्पट जाहला.

"काका, गाडी कुठे लावलीय?"

"मागच्या गल्लीत. पुढे लावू देत नाहीत. गिऱ्हाईक बिचकतं म्हणे."

"असं कसं? जाहिरात त्यांची, आणि लपवायची गल्लीत? दारात लावा की. चांगली दिसेल अशी."

काकांनी बाईसाहेबांकडे पाहिले, मिशीत हसले, आणि किल्ली घेऊन उठले.

त्या समयी दरबारात दुसऱ्या एका कुटुंबास गाडी हवाली करावयाचा सोहळा चालला होता. मखमली आच्छादन ओढिले, कात्री फितीस लागली, नोकरवर्गाने टाळ्यांस हात उचलले, आणि काचेच्या थोरल्या दारासमोर काळी लांबलचक शववाहिका उलट्या चालीने, अदबीने, येऊन उभी राहिली. पाठ दरबाराकडे, आणि पाठीवर सोनेरी अक्षरे उन्हात झळकत होती. उचललेले हात तैसेच राहिले.

फीत कापणारे गृहस्थ टायवाल्यास म्हणाले, "आमच्या गाडीलाही हेच लावलंय का हो?"

टायवाल्याने केबिनीकडे पाहिले. त्या गृहस्थांच्या पत्नीने कात्री काढून घेतली आणि म्हटले, "आधी ते काढा. मग फीत कापू."

मॅनेजरसाहेब केबीन सोडून धावत बाहेर आले. "काका, काढा, काढा! आधी काढा इथून!"

"काय काढू साहेब? गाडी की चौकट?"

"दोन्ही!"

"आधी चौकट," बाईसाहेब मागून म्हणाल्या. "आणि ह्यांची झाली की माझी."

येथे शत्रूची फळी फुटली. मेकॅनिकास पाचारण जाहले आणि दोन्ही गाड्या शोरूमच्या मागील वर्कशॉपात नेल्या. शववाहिकेची चौकट क्षणात सुटली. काकांनी फडके घेऊन मोकळी प्लेट पुसली, आणि उगाच पुन्हा एकदा पुसली. निळ्या गाडीचे रिव्हेट ड्रिलने उडविले. परंतु एक चिवट निघाला आणि मेकॅनिक घामाघूम जाहला. तेव्हा बाईसाहेबांनी त्याच्या हातून पक्कड घेतली, पवित्रा घेतला, सवयीने "हलू नका, थोडंसं जाणवेल" ऐसे म्हणाल्या, मनगट एकदा फिरविले, आणि रिव्हेट मुळासकट हाती आला. मॅनेजरांनी आपला गाल धरिला.

पक्कड परत देताना बाईसाहेबांची नजर वर्कशॉपाच्या कोपऱ्यात गेली. तेथे एक पांढरी गाडी सावलीत जपून ठेविली होती. तिची नंबरप्लेट स्वच्छ, मोकळी. भोवती काही नव्हते.

"ही कोणाची?"

"साहेबांचीच," मेकॅनिक म्हणाला आणि जीभ चावली.

बाईसाहेब मॅनेजरांकडे वळल्या. "तुमच्या गाडीला का नाही लावली? आणि वॉरंटी?"

मॅनेजरसाहेबांनी टायवाल्याकडे पाहिले, मग छताकडे, मग आपल्या गाडीकडे. अखेरीस हळू आवाजात, नोकरीत बहुधा प्रथमच, खरे बोलले.

"बरी दिसत नाही हो, मॅडम."

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. दोन चौकटी पाडाव जाहल्या, तिसऱ्या कुटुंबाने आपली राहू दिली नाही, आणि बाईसाहेब व काका आपापल्या गाड्या घेऊन, पाठ उजळ करून, समोरच्या दाराने निघून गेले. नमूद करावे ते हेच की, बाईसाहेबांनी आजवर आयुष्यात जे जे उपटिले, त्यांत भुलीवाचून आणि चिमट्यावाचून निघाले ते मॅनेजरसाहेबांचे हे एक वाक्य.