गुडघे न टेकता पाय धुण्याची व्यवस्था

थोर माणूस जे एकदा सहज करून जातो, ते पुढे नीट करण्यासाठी कमिटी लागते. प्रभू येशूंच्या बाबतीत तर ही गरज फारच जाणवते. शेवटच्या भोजनाला ते ताटावरून उठले, अंगरखा काढून ठेवला, कमरेला रुमाल गुंडाळला, घंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला बसले. पूर्वसूचना नाही, आसनव्यवस्था नाही, आधी कोणाचे आणि मग कोणाचे याला काही क्रम नाही. (जागा माडीवर होती. पाणी वर कोणी चढवलं, याचाही उल्लेख नाही.) मूळ कार्यक्रमातल्या या उणिवा मोहन्याच्या आमच्या शांतिनिवास मंडळीने गेल्या वर्षी कशा दूर केल्या, हे मी कमिटीचा सभासद या नात्याने अभिमानाने सांगतो.

आमच्याकडे पूर्वी पवित्र गुरुवारी, म्हणजे त्या भोजनाच्या स्मरणाच्या दिवशी, फारच ढिला कारभार होता. जुने पाळक चर्चच्या दारात उकिडवे बसायचे, शेजारी प्लास्टिकचा टब, आणि येईल त्याचे पाय धुवायचे. त्यामुळे ज्यांच्या पायांना धुण्याची खरोखर गरज होती अशाच लोकांची गर्दी व्हायची, आणि कार्यक्रमाचा दर्जा घसरत गेला.

जुने पाळक निवृत्त झाले आणि प्रेम नावाचे तरुण पाळक आले. त्याच सुमारास दौलतराव कमिटीचे अध्यक्ष झाले. दौलतराव मूळचे मोहन्याचेच. पण बँकेत मोठ्या हुद्द्यावर चढले, खडकपाड्याला टॉवरमध्ये राहायला गेले आणि तिथून, बाराव्या मजल्यावरून, त्यांना मोहन्याची खरी अवस्था दिसू लागली. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "पाळकसाहेब, प्रभूची आज्ञा आहे ती. दारात बसून उरकायची गोष्ट नाही."

प्रेम पाळकांचा उजवा गुडघा तरुण संघाबरोबर फुटबॉल खेळताना गेला होता. शस्त्रक्रिया झाली होती. ते म्हणाले, "दुखतो थोडा, पण मी बसेन खाली."

"तुम्ही खाली बसलात तर कॅमेऱ्यात दिसणार काय? टाळू?" दौलतरावांनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. उपाय असा निघाला की पाळक पायांकडे वाकण्याऐवजी पाय पाळकांकडे आणावेत. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ नवरात्रात मंडप घालणारा एक ओळखीचा होता. त्याच्याकडून छातीच्या उंचीचं स्टेज मागवलं. वर खुर्च्या, खाली पाळक ताठ उभे. नम्रता तीच, फक्त उंचीवर.

मग बारा शिष्यांच्या जागी बारा जण निवडायचे होते. दोन माजी अध्यक्ष, विश्वस्त, गायनवृंदाचे प्रमुख, महिला मंडळाच्या एक बाई (त्यांची साडी घोट्यापासून किती वर घ्यावी यासाठी उपसमिती नेमली, उपसमिती पूर्णपणे पुरुषांची होती), कॅनडाहून सुट्टीवर आलेले एक काका, आणि प्रभागातले एक होतकरू पुढारी. पुढारी आपल्या धर्माचे नव्हते, पण निवडणूक जवळ होती आणि पाय हे सर्वधर्मसमभावाचं प्रतीक आहे, यावर एकमत झालं.

सगळं ठरत आलं असताना गायनवृंदाच्या प्रमुखांनी हळूच विचारलं, "बारावा म्हणजे यहूदा ना?"

ज्याने प्रभूला दगा दिला त्याच्या जागी कोण बसणार? बरं, तो नेमका कितव्या नंबरला बसला होता हेही नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे बाराही खुर्च्या संशयास्पद ठरल्या. एका माजी अध्यक्षांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला आणि चहा आल्यावर मागे घेतला. शेवटी ठरलं की अकराच जण बसतील. बाराव्या खुर्चीवर फुलांची कुंडी ठेवावी.

"पण प्रभूने यहूदाचेही पाय धुतले होते," प्रेम पाळक म्हणाले.

"ते प्रभू होते, पाळकसाहेब," दौलतराव समजुतीच्या स्वरात म्हणाले. "त्यांना पुन्हा निवडून यायचं नव्हतं."

शेवटचा प्रश्न स्वच्छतेचा. दौलतरावांच्या सूनबाई वैशाली डोंबिवलीला ब्युटी पार्लर चालवतात. त्या बुधवारी येऊन अकराही जणांचं पेडिक्युअर करून गेल्या. धुण्यापूर्वी पाय स्वच्छ असणे अनिवार्य आहे, असा नियमच केला. त्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: गुरुवारी पाणी घंगाळात जसं ओतलं तसंच राहिलं. ते नंतर कुंड्यांना घालता आलं असतं.

घातलं गेलं नाही, त्याचं कारण सखुबाई.

सखुबाई चर्चच्या मागच्या चाळीत राहते. नवरा रेयॉन कंपनीत होता, तो वारला. मूलबाळ नाही. जुन्या पाळकांच्या काळात ती दर वर्षी टबापाशी पहिली असायची. तिला पुष्कळ वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि गेल्या वर्षी तिचा डावा पाय बोटांपासून काळा पडत चालला होता. नव्या नियमावलीत तिचा पाय कोणत्याच प्रकारात बसत नव्हता. तसं कमिटीने तिला गोड शब्दांत कळवलंही होतं.

कार्यक्रम सुरू झाला. सहा जण धुऊन झाले. सहावे पुढारी, त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत धुऊन घेतले. तेवढ्यात सखुबाई आत आली. तिचा हात धरून शेजारची मालू होती. मालू कोळीण, बाजारात मासळी विकते; चर्चशी तिचा संबंध फक्त नाताळच्या सुरमईपुरता.

स्टेजला पाच पायऱ्या होत्या. सखुबाईने पहिलीवर पाय ठेवून पाहिला आणि काढून घेतला.

दौलतराव स्टेजवरून वाकून, माइक हाताने झाकून म्हणाले, "सखुबाई, तुम्ही मागे बसा. उपासना झाली की पाळकसाहेब तुमच्यासाठी प्रार्थना करतील."

"प्रार्थना हाय माझ्याकडं," सखुबाई म्हणाली. "पाय धुवायचाय."

"अहो, त्याला बँडेज आहे. इन्फेक्शन असतं. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

मालूने इकडेतिकडे पाहिलं. मग ती तरातरा पायऱ्या चढली, बाराव्या खुर्चीवरची कुंडी उचलून पुढाऱ्यांच्या मांडीवर ठेवली, खुर्ची खाली आणून जमिनीवर दाणकन आपटली आणि म्हणाली, "बस गो म्हातारे. एवरा मोठा मांडव घातलाय, नि म्हातारीचा पाय धुवाला पानी नाय यांच्याकरं?"

सखुबाई बसली. प्रेम पाळक घंगाळ हातात घेऊन उभे होते. दौलतराव वरून म्हणत होते, "पाळकसाहेब, सातवे राहिलेत. पाळकसाहेब, क्रमाने."

पाळकांनी एकदा वर पाहिलं. मग घंगाळ खाली ठेवलं, खुर्चीच्या कडेला धरून डावा गुडघा टेकला, मग उजवा. उजवा टेकताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कॉलरच्या माइकमधून सर्वांना ऐकू गेला. त्यांनी बँडेज सोडायला सुरुवात केली. वास पसरला. (आमच्या ध्वनिव्यवस्थेचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, अशी जुनी तक्रार आहे. वास पोचला.)

"दुखतंय का?" पाळकांनी विचारलं.

"दुखायचं कवाच थांबलं बाबा. सोमवारी कापणारेत. कळव्याच्या दवाखान्यात." सखुबाई अगदी सहज म्हणाली, जणू कळव्याला भाचीकडे निघाली होती. "म्हटलं, ज्यानं दिला त्याला परत करायचा, तर घाणेरडा कसा देऊ?"

पाळक धूत राहिले. बोटांच्या बेचक्यांतून, टाचेखालून, सावकाश. पाणी पहिल्यांदाच गढूळ झालं. सखुबाईने डोळे मिटून घेतले होते आणि तिचा हात पाळकांच्या डोक्यावर होता. आशीर्वाद द्यायचा अधिकार नियमावलीप्रमाणे फक्त पाळकांना आहे, पण ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पाय पुसून झाल्यावर पाळकांना उठता येईना. स्टेजवरच्या अकरा जणांपैकी कोणीच मदतीला येऊ शकलं नाही, कारण सहा जणांचे पाय ओले होते आणि पाच जणांचे अजून व्हायचे होते. मालूनेच त्यांना काखेत धरून उभं केलं.

कमिटीने त्याच संध्याकाळी पाळकांना कारणे दाखवा नोटीस काढली. पण कॅमेरावाल्याने तेवढाच भाग कापून मोबाइलवर सोडला होता आणि ईस्टरच्या सकाळपर्यंत तो ठाण्यापासून कॅनडापर्यंत पोचला. लाखो लोकांनी पाहिला. हजारोंनी जोडलेले हात पाठवले, रडके चेहरे पाठवले. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. तुम्हीही पाठवले असतील. कमिटीने तातडीने नोटीस मागे घेतली आणि त्याच कागदाच्या पाठीमागे पाळकांच्या सत्काराचा ठराव लिहिला.

यंदा आम्ही या अनुभवातून शिकून सुधारणा केली आहे. बारावी खुर्ची कायमची जमिनीवर असते. पाळकांनी सहाव्या आणि सातव्या पायांच्या मध्ये गुडघे टेकायचे असतात. खाली गादी घालतो, वर स्वतंत्र कॅमेरा. त्या खुर्चीवर बसायला आता एवढी चुरस आहे की यहूदाचं नावही कोणी काढत नाही. पुढाऱ्यांनी आपली सहावी सोडून बारावी मागितली. दौलतराव तर परवाच्या बैठकीला घोट्याला पांढरंशुभ्र बँडेज बांधून आले होते. काय झालं, असं विचारणं कोणालाच योग्य वाटलं नाही. खुर्ची त्यांना एकमताने देण्यात आली.

यंदाच्या गुरुवारी सगळं वेळेवर मांडलं होतं, फक्त पाळक उशिरा आले. मागच्या चाळीच्या बाजूने, लंगडत, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. "सखुबाईकडे होतो," ते म्हणाले. उशिराबद्दल कमिटीने नापसंती नोंदवली.

हो, सखुबाईचं सांगायचं राहिलंच. त्या सोमवारी कळव्याला तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. बाहेर बाकावर मालू आणि पाळक दोघंच होते. आमची सत्काराची बैठक होती. आता सखुबाई आपल्या दारात बसून असते. पाळक जाऊन उरलेला पाय धुऊन येतात. लाखो लोकांपैकी तिचं पुढे काय झालं, असं एकानेही विचारलं नाही.

तुम्हीही, मी यंदाची नियमावली सांगून संपवेपर्यंत, नाही विचारलंत. असं शिस्तीत वाचणारी माणसं आम्हाला हवीच असतात. आमच्या कमिटीत दोन जागा रिकाम्या आहेत.