लाइट जायची वाट पाहणारा भागाजी

मोखाड्यात लाइट गेली की लोक कपाळाला हात लावतात. आमच्या आळीत एक माणूस मात्र ओट्यावर येऊन आनंदाने ओरडतो, "गेली! आता कोणी बोलू नका!" नवखा माणूस घाबरतो. एकदा नुकतेच बदलून आलेले ग्रामसेवक हे ऐकून चपला काढून आत शिरले आणि हात जोडून म्हणाले, "कधी गेल्या?" भागाजीने त्यांना खाली बसवलं, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि अर्धा तास उठू दिलं नाही. त्या दिवशी आत एका ठाकरी गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. साहेबांच्या खिशातल्या चाव्यांचा आवाज त्या गाण्यात कायमचा जाऊन बसला. ते गाणं लावलं की ठरावीक जागी भागाजी बोट वर करतो आणि म्हणतो, "हे ग्रामसेवक."

भागाजी माझा शेजारी. आमच्या दोन घरांत भिंत एकच. भिंतीच्या अलीकडे माझी पिठाची आणि भाताची गिरणी, पलीकडे त्याचा गाणी भरायचा स्टुडिओ. म्हणजे पुढचं भांडण तुमच्या ध्यानात आलंच असेल. ते भांडण सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण खोटं ठाऊक आहे. ते खोटं मी पसरवलं. माझं वय आता चौऱ्याहत्तर. ज्या तोंडाने पसरवलं त्याच तोंडाने ते निस्तरावं, म्हणून लिहायला बसलो आहे.

भागाजीची सगळी नोकरी जव्हारच्या एस.टी. आगारात मेकॅनिक म्हणून झाली. गाडी फाटकातून आत येण्याआधी तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, "हिचा डावा ब्रेक धरतोय." निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण कान काही सुटले नाहीत. मग त्याने ते माणसांना लावले. सरपंच खोकले की हा म्हणणार, "एअर घेतंय." माझी बायको पाण्याची कळशी घेऊन धापा टाकत आली की, "वहिनी, लोड जास्त हाय, गिअर बदला." एका पुढाऱ्याचं तासभर भाषण ऐकून त्याने मत दिलं, "पिकअप चांगला हाय. ब्रेक नाय."

दुसरी खोड टाळीची. कोणाच्याही घरी गेला की उंबऱ्यातच एक टाळी वाजवायची, मान तिरकी करायची आणि आवाज खोलीत कसा फिरतो ते ऐकायचं. तहसील कचेरीत त्याने टाळी वाजवली तेव्हा तिथला कारकून भडकला. "मी काय वेटर आहे का?" भागाजी शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं आवाज चार वेळा परत येतो. म्हणून इथं कोणाचा काही आयकू येत नाय." आमच्या आळीत एक म्हातारे वारले तेव्हा मी वाटेतच त्याला दम भरला होता, तरी त्याने वाजवलीच. सगळ्यांनी वळून पाहिलं. हा माझ्या कानात म्हणतो, "खोली बेस हाय. माती-शेणाची भिंत, आवाज पिऊन घेते."

स्टुडिओचं खूळ मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून आलं. शहरात त्यासाठी म्हणे केवढा थाट लागतो. भागाजीचा हिशेब सोपा होता. "भिंत जाड, तोंड जवळ, आणि शेजारी गप. अजून काय लागतो?" भिंत जाड करायला त्याने माझ्या गिरणीतलं भाताचं तूस गोणपाटांत भरलं आणि पोती छतापर्यंत रचली. "तुझ्याच तुसाने तुझा आवाज अडवतो, शेठ." रागात असला की मी शेठ, एरवी दादा. तुसातल्या कणीला महिन्याभरात उंदीर लागले आणि पहिल्या चार गाण्यांत खुडखुड भरली. मग पोत्यांत कडुलिंबाचा पाला गेला. दाराला गोधडी टांगली. मायक्रोफोन कुरिअरने जव्हारपर्यंत आला. तिथून जीपमध्ये शेजारच्या बाईने तो जरा बाजूला ठेवा म्हटलं तर हा म्हणाला, "बाळ हाय, मांडीवरच बसतो." स्टॅण्ड म्हणजे भंगारातल्या ब्रेक ड्रममध्ये उभा केलेला गिअरचा दांडा. गाणाऱ्याच्या तोंडाची फुंकर अडवायला पुढे चहाची गाळणी. त्यामुळे त्या घरात पुढे कैक दिवस चहा धोतराच्या कापडाने गाळत होते.

राहिली लाइट. लाइटीवर यंत्र चालवलं की गाण्यात बारीक घूं भरायची. म्हणून त्याने बसची मोडीत काढलेली बॅटरी आणली आणि लॅपटॉप तिच्यावर चालवू लागला. पण ती घूं गेली तरी वेल्डिंगवाला होता, मोबाइलच्या दुकानातला स्पीकर होता, आणि सगळ्यांचा बाप माझी गिरणी होती. लाइट गेली की हे सगळे एकदम गप. म्हणून तो आनंद.

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया तिथे गाऊन जात. भोपळ्याचा तारपा फुंकणारा येई. ज्याचा आवाज भरला त्याला भागाजी एक मेमरी कार्ड देई. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं ती कार्डं मोबाइलमध्ये घालून नेत. "तथं आपला आवाज संगं असला तं माणूस परत येतो," तो म्हणायचा. बदल्यात कोणी मूठभर वरई, कोणी काकडी ठेवून जाई.

लाइट गेली की माझी दळणं अडायची. म्हणून मी नाशिकहून एक जुनं डिझेल इंजिन आणलं. ते काही केल्या सुरू होईना. दोन मिस्त्री हरले. तिसऱ्या दिवशी भागाजी न बोलावता आला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बसला, इकडेतिकडे काही पिळलं आणि हॅण्डल मारलं. इंजिन धडधडायला लागलं.

"चालू झाली, दादा," तो हसत म्हणाला. "तुझी मशीन चालू, माझं दुकान बंद."

मी शब्द दिला, "कोणी गायला आलं की सांग. तासभर इंजिनाला हात लावणार नाही."

हा शब्द मी बरेच दिवस पाळला. मग शुक्री आजी आली.

शुक्री आजी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची धवलेरी. वारल्यांची लग्नं धवलेरी लावते, गाणी म्हणून. तिच्याएवढं लांब लग्नाचं गाणं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. भागाजी दोन वर्षं तिच्या पाड्यावर खेटे घालत होता. तिचं म्हणणं एकच, "लग्नाबिगर लग्नाचा गाणा म्हणायचा नाय." अखेर भागाजी म्हणाला, "मी लगीन काढतो. तू ये."

त्याने खरोखर काढलं. स्टुडिओत आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला. मायक्रोफोनच्या दांड्याला मुंडावळ्या बांधल्या. आजी आत आली, कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहत राहिली.

"हा नवरा? लई बारीक हाय."

"काटक हाय, आजी."

"आन् नवरी?"

भागाजीने हळद लावलेली बॅटरी पुढे सरकवली. "ही. हिच्याबिगर तो एक शब्द बोलत नाय."

आजी हसून हसून खाली बसली. "मंग खरीच बायको हाय," ती म्हणाली, आणि तांदूळ हातात घेतले.

सगळी आळी त्याच्या ओट्यावर जमली होती. माझी बायको तर वरमाईच्या थाटात पुढे बसली होती. गिरणीत मी एकटा. एवढ्यात लाइट गेली. भागाजी बाहेर आला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाला, "शेठ, आज तुझी घरघर बंद. गावाला जरा गाणा आयकू दे." लोक हसले. त्याने ते सहज म्हटलं होतं. मला मात्र वाटलं, अख्ख्या जन्माच्या कामाला हा घरघर म्हणाला.

आजीचं गाणं सुरू झालं. भिंतीतून मला पुसट ऐकू येत होतं. आणि मी हॅण्डल मारलं.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की आश्रमशाळेचं तातडीचं दळण आलं होतं. दळण नव्हतं. एक डबासुद्धा नव्हता. चक्कीचे दगड सैल करून मी रिकामी गिरणी चालवत बसलो.

आजी थांबली नाही. एकदा लग्न सुरू झालं की ते अर्ध्यावर टाकता येत नाही, अशी तिची रीत. माझ्या इंजिनावर आवाज चढवून तिने तासभर गाणं पुरं केलं. बाहेर आली तेव्हा तिचा गळा बसला होता. भागाजीला म्हणाली, "लागला बाबा तुझा लगीन," आणि जीपकडे चालू लागली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी दुसरं खोटं जोडलं. म्हटलं, "माझ्या गिरणीला कशाला बोल लावता? त्याच्या यंत्रात मुळात काही भरलंच नव्हतं." लोकांनी भागाजीला विचारलं. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हां. पिन ढिली होती."

गावाने त्याचं नाव 'बॅटरीचा सासरा' ठेवलं. म्हातारीला तासभर ओरडायला लावलं आणि हाती काही नाही, अशी बोलवा झाली. बऱ्याचशा बाया येईनाशा झाल्या. पुढच्या पावसाळ्यात शुक्री आजी वारली. एवढं होऊनही भागाजी रोज सकाळी माझ्याशी चहा प्यायचा. मला तो चहा गोड लागत नसे.

यंदा लग्नसराईच्या आधी आजीची नात सुनिता गिरणीत आली. दळण नव्हतं आणलं. "बाबा," ती म्हणाली, "माझं लग्न आहे. दुसऱ्या पाड्यावरची धवलेरी येणार आहे, पण तिला आमच्या आजीचं गाणं येत नाही. त्या काकांकडे खरंच काही राहिलं नाही का? थोडंसुद्धा?"

मी पट्टा उतरवला, गिरणी थांबवली आणि तिला घेऊन भागाजीकडे गेलो. उंबऱ्यातच सांगून टाकलं, कारण आत जाऊन बसलो असतो तर धीर गेला असता. "त्या दिवशी दळण नव्हतं, भागाजी. मी रिकामी चालवली. मुद्दाम."

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"दाणा असला का मशीन दमून बोलते. त्या दिवशी ती मोकळी बोंबलत होती." मग सुनिताला म्हणाला, "बस, पोरी. आयकून बघ."

त्याने तिच्या कानांवर हेडफोन ठेवला. सुनिता आधी दचकली, मग हसली आणि हसता हसताच ओढणी तोंडाला लावली. तिने एक बाजू मला दिली. आत आजी म्हणत होती, "लई बारीक हाय." मग गाणं सुरू झालं. आवाज स्वच्छ, अगदी समोर बसल्यासारखा. माझं इंजिन कुठेतरी दूर, पलीकडच्या डोंगरावरून जीप जावी तसं.

"हे कसं केलंस?"

"मागं तुझ्या इंजिनाच्या सर्व्हिसिंगला आलो तवा तुला म्हटला ना, जरा रिकामी चालव? खिशात रेकॉर्डर होता. लॅपटॉपला नुसती तुझी मशीन आयकवली आन् सांगितला, हा एवढा वजा कर. पण तो अडाणी हाय, मशिनीबरोबर डोकरीला पण वजा करतो. म्हणून एकेक ओळ बसून सोडवली." तीन वर्षं तो हेच करत होता. "एका जागी मशिनीचा आवाज नाय निघाला. तथं काढायला गेलो तं तिचा श्वास पण जातो. तेवढा राहू दिला."

सूर्यमाळला लग्नात ते गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यापासून बायांनी आवाज मिळवला आणि नवी धवलेरी स्पीकरला कान लावून प्रत्येक ओळ मागून म्हणत होती. मी मांडवात चार जणांना खरी हकिकत सांगायला गेलो. "जाऊ द्या हो बाबा, आधी जेवून घ्या," म्हणाले. म्हणून ती इथे लिहिली. यंत्रात सगळं भरलं होतं. पिन घट्ट होती. ढिला मी होतो. आणि माझ्यामुळे गेलेलं गाणं ज्याने मला परत आणून दिलं, त्याचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही.

लग्नाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्याची मुलं वसईला, बायको त्यांच्याकडे नातवंडं सांभाळायला. घरात तो एकटाच असतो. मी विचारलं, "गावाने तुला एवढं हसून घेतलं. माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगितला असता तं तू इथं चहाला आला असता?"

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, "गेल्या पावसाळ्यात माझं मांडीचं हाड मोडलं, महिनाभर नाशिकला होतो. गिरणीला कुलूप. तुला रान मोकळं होतं. तेव्हा किती गाणी भरलीस?"

त्याने कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

"एक पण नाय."

"का रे?"

"बसायचो रोज. मन लागला नाय." त्याने भिंतीकडे पाहिलं. "लई शांत होता, दादा."

मी उठलो. गिरणीच्या दाराशी दोन डबे येऊन पडले होते, ते दळायला घेतले.