मास्तरांची खुंटी

छत्री बॅगेत ठेवायची की नाही, एवढाच प्रश्न होता. तो चिपळूणच्या उपेंद्र खातूंनी ज्या झटक्यात निकालात काढला, त्या झटक्यात त्यांनी आयुष्यात दुसरा कुठलाही प्रश्न निकालात काढलेला नाही.

"काढ ती," ते बायकोला म्हणाले.

"असू दे की. हलकी आहे," रत्नप्रभाताई म्हणाल्या.

"अगं, दिवाळी झाली. नोव्हेंबरात छत्री बघून लोक हसतील आपल्याला."

आता चिपळूणच्या माणसाला पावसाबद्दल शिकवायला जाणं म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवण्यापैकी. त्यातून उपेंद्रशेठ पडले छत्री-रेनकोटचे व्यापारी. बाजारपेठेत वडिलांपासून चालत आलेलं दुकान. मृगाआधी माल भरायचा, गणपतीपर्यंत विकायचा आणि दसऱ्याला उरलेल्या छत्र्या माळ्यावर चढवायच्या. छत्र्या माळ्यावर गेल्या की पाऊस संपला, अशी त्यांची पक्की समजूत. (पाऊस संपला की छत्र्या माळ्यावर जातात, हे उलट बाजूने त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.) तेव्हा छत्री बाहेर निघाली आणि त्या जागी चकलीचा डबा बसला.

जायचं होतं चेन्नईला. लेक तनया तिकडे वेलचेरीत राहून कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करत होती. एका फ्लॅटमध्ये पाच मुली, त्यामुळे आईबापांना ठेवायला जागा नाही. तिने एग्मोरला लॉज ठरवलं आणि दोघांसाठी पाठीवरच्या दोन मोठ्या बॅगा पाठवून दिल्या. "ट्रॉली-बिली आणू नका, बाबा. सगळे हल्ली बॅकपॅकिंग करतात," असा फोन. साठीला टेकलेल्या उपेंद्रशेठनी बॅग पाठीला लावून आरशात पाहिलं तेव्हा त्यांना आपण पोस्टाचं पार्सल असल्यासारखं वाटलं. फोन ठेवता ठेवता तनया म्हणाली होती, "आणि छत्री घ्या बरं का." त्यावर शेठ नुसते हसले. लेकीने बापाला छत्री सांगावी, म्हणजे कलियुगच.

पण या सहलीचं खरं कारण लेक नव्हतं. रत्नप्रभाताईंचं माहेर गुहागरचं. लहानपणापासून त्यांनी समुद्रात सूर्य बुडताना पाहिला होता, अगदी कंटाळा येईपर्यंत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या सहज म्हणाल्या होत्या, "आपल्या समुद्राला सूर्य फक्त बुडवता येतो. वर काढताना एकदा बघायचाय." नव्या नवरदेवाने छातीवर हात ठेवून शब्द दिला. पुढे दुकान, लेकीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, आणि दर पावसाळ्यात सीझन. शब्द आपला छत्र्यांच्या खाली माळ्यावर पडून राहिला. तो यंदा काढायचा होता. त्यासाठी हाताशी होत्या फक्त तीन सकाळी.

चेन्नईत उतरले तर आभाळ फाटलेलं. रिक्षातून एग्मोरच्या लॉजपर्यंत जाताना दोघं आतल्या आत भिजली. मॅनेजर नारायणस्वामी कपाळावर भस्माचे पट्टे ओढून बसले होते. त्यांनी पाहुण्यांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अम्ब्रेला नहीं, सार?"

"रेन सीझन ओव्हर," उपेंद्रशेठनी अधिकारवाणीने सांगितलं.

नारायणस्वामींनी दाराबाहेर कोसळणाऱ्या धारांकडे पाहिलं, मग पुन्हा शेठजींकडे. "ओव्हर नहीं, सार. अभी स्टार्टिंग."

इकडचा पाऊस दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, ही गोष्ट उभ्या हिंदुस्थानला ठाऊक असेल. पण उपेंद्रशेठचा पाऊस घाटमाथ्यावर संपत होता. पलीकडे देवाने वेगळं दुकान काढलंय, हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

"एक छत्री घेऊन टाकू," रत्नप्रभाताई पदर पिळत म्हणाल्या. "समोरच दुकान दिसतंय."

आणि इथे शेठजींचा कणा ताठ झाला. हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणून खावेत? माळ्यावर छत्र्यांचा डोंगर असलेल्या माणसाने किरकोळ भावाने छत्री विकत घ्यावी? उद्या ही गोष्ट चिपळुणात फुटली तर पोफळीपासून परशुरामापर्यंत हसतील. (आम्हां दुकानदारांचं हे असंच. नुकसान सोसतो, पण दुसऱ्याच्या गल्ल्यात भर घालायची म्हटली की पोटात दुखतं.)

"कशाला? थांबतोय आत्ता," ते म्हणाले.

तो थांबला नाही. पहिल्या पहाटे दोघं मरीनावर गेली. शेठजींनी लॉजमधला मेणकापडी टेबलक्लॉथ मागून घेतला होता आणि त्याखाली दोघं उभी होती. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं हे कळत नव्हतं. सूर्य कुठेतरी आपल्या आपण उगवला असणार, कारण थोड्या वेळाने टेबलक्लॉथवरची फुलं दिसायला लागली.

परतताना सरींनी एवढं झोडपलं की त्यांनी एग्मोर स्टेशनात आसरा घेतला. टेबलक्लॉथ वाऱ्याने फाटला होता, म्हणून शेठजींनी बॅग पाठीवरून काढून डोक्यावर घेतली होती. तेवढ्यात एका बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून तामिळमध्ये काहीतरी विचारलं आणि आपल्या ट्रंकेकडे बोट दाखवलं.

"काय म्हणतात या?" शेठजींनी विचारलं.

"हमाल समजल्या तुम्हाला," रत्नप्रभाताई शांतपणे म्हणाल्या. "घ्या की. डोक्यावर आहेच एक."

दुसऱ्या पहाटे तर मरीनापर्यंतही जाता आलं नाही. रस्त्यात गुडघाभर पाणी, रिक्षावाले यायला तयार नाहीत. वेलचेरीत तनयाच्या इमारतीभोवती तळं झालं होतं. तिचा फोन आला, "आई, मी खाली उतरूच शकत नाहीये. तुम्ही उद्या कोवलमला जा, पहाटेच्या बसने. केरळातलं नव्हे, इथून जवळचं. तिकडे किनारा मोकळा आहे. आणि बाबांना म्हणावं, छत्री घ्या."

रत्नप्रभाताईंना तोवर शिंका सुरू झाल्या होत्या. त्या खिडकीशी बसून म्हणाल्या, "राहू दे हो. नाही दिसला तर नाही दिसला. तुमच्याबरोबर भिजले, तेही खूप झालं."

बायको चिडली तर नवऱ्याला सोपं असतं. ती समजूतदारपणा दाखवायला लागली की मात्र पायाखालची जमीन सरकते. शेठजी उठले, पायांत ओल्या चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चल. छत्री घेऊ."

दुकानाचे मालक गादीवर मांडी घालून बसले होते. या दोघांचं बोलणं कानावर पडताच त्यांचा चेहरा उजळला.

"या की, या. मऱ्हाटे काय तुम्ही?"

उपेंद्रशेठ चाटच पडले.

"आम्हीही मऱ्हाटेच. तंजावरचे. मी जनकोजी. शरफोजी महाराजांच्या वेळेपासोन आमचे लोक इकडेच की." मग आत वळून त्यांनी हाक मारली, "तुळजा, देशांतले पाहुणे आलेत. काप्पी ठेव गे." आणि पुन्हा शेठजींकडे वळून, "तिकडे काय उद्योग तुमचा?"

'छत्र्या' हा शब्द शेठजींच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच लाजून मागे फिरला. छत्रीवाला, आणि छत्री घ्यायला आलाय? जीभ अडखळली आणि पहिला जो शब्द सापडला तो बाहेर पडला.

"मास्तर. शाळेत मास्तर आहे मी."

रत्नप्रभाताईंनी चटकन पदर तोंडाला लावला. शिंक आली असावी.

हा शब्द कुठून आला, हे सांगायला हवं. खातूंच्या दुकानात मागच्या भिंतीला एक खुंटी आहे, तिचं नाव 'मास्तरांची खुंटी'. गेल्या सालचा, थोडा गंजलेला, खटका ढिला झालेला माल तिच्यावर टांगलेला असतो. मास्तर लोक येतात, हजार शंका विचारतात, कापडाला हात लावून मान डोलावतात आणि हातात द्याल ती छत्री घेऊन आनंदाने घरी जातात. धंद्यातल्या माणसाला मात्र आतला माल, आणि खरेदीच्या भावाने. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण कन्याकुमारीपर्यंत चालतो.

"मास्तर, म्हणजे आमचे वाद्यार काय? छान, छान," जनकोजीराव म्हणाले आणि उठून थेट मागच्या भिंतीकडे गेले.

उपेंद्रशेठची नजर त्यांच्या मागोमाग गेली. त्या भिंतीलाही खुंटी होती.

जनकोजीरावांनी एक छत्री काढली. गिऱ्हाइकाच्या हातात न देता स्वतःच ऐटीत उघडली, अंगठा मात्र खटक्याखाली दाबून धरलेला. शेठजींना तो अंगठा ओळखीचा होता. तो त्यांचाच अंगठा होता. खटका ढिला असला की छत्री अशीच धरून दाखवतात.

"वाद्यारांस अशीच शोभती. हलकी, नाजूक. पिशवींत मावती."

"वारा... वाऱ्यात टिकेल ना?"

"वाऱ्यास काय भ्यायचें? कापड पाहा की."

शेठजींनी कापड पाहिलं नाही. त्यांची नजर दांड्याकडे वळली, दांड्यावरून काड्यांकडे गेली, आणि एक काडी जोडलेली दिसली. बोलावं तर मास्तरपण जातं, गप्प बसावं तर छत्री पदरात पडते. ते इतकी वर्षं ज्या जाळ्यात मास्तरांना पकडत होते, त्यात आता स्वतः उभे होते, तेही मान डोलावत.

"छान आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले आणि मागितले तेवढे पैसे मोजले. मास्तर घासाघीस करत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही व्हा पुढे," रत्नप्रभाताई म्हणाल्या. "तुळजाबाईंनी कॉफी केलीय, नाही कसं म्हणू? मी आलेच."

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने दोघं कोवलमला उतरली. पाऊस भुरभुर चालू होता. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, जाळ्यांचे ढीग, एक-दोन कुत्री, आणि पुढे काळा समुद्र. पूर्वेकडे ढगांच्या खाली एक फिकट फट दिसत होती, दाराखालून उजेड यावा तशी.

शेठजींनी छत्री काढली. अंगठा खटक्याखाली दाबून ती अलगद उघडली आणि छाती पुढे काढून म्हणाले, "ये, माझ्या छत्रीत ये."

ताई आल्या. दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. लग्नानंतरची पहिली पाच मिनिटं सोडली तर ती दोघं इतकी जवळ उभी राहिल्याचं कुणाला आठवत नाही. फट रुंद झाली. तिच्या कडेला लाली चढली.

"आला, आला," ताई कुजबुजल्या.

शेठजींनी बोट दाखवायला हात उचलला. जो हात उचलला, अंगठा त्याच हाताचा होता.

खट. छत्रीची वाटी झाली, वाऱ्याने ती हिसकावून घेतली आणि ती वाळूवरून टुणटुण उड्या मारत पळत सुटली. शेठजी तिच्यामागे. आता वास्तविक त्या छत्रीची लायकी त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. पण दुकानदाराच्या डोळ्यांदेखत माल उडून चालला की पाय आपोआप पळतात. ते पळाले, मागून कुत्री पळाली, होडीतले दोन कोळी उभे राहून तामिळमध्ये त्यांना हुरूप देऊ लागले. छत्री एका जाळ्याच्या ढिगात अडकली तेव्हा शेठजींनी तिच्यावर झेप टाकली आणि विजयाने मागे वळून पाहिलं.

पूर्वेला पुन्हा करडे ढग होते. सूर्य येऊन गेला होता.

ते परत आले ते मान खाली घालून. धोतराला वाळू, हातात काड्यांचा सांगाडा. "दिसला?" त्यांनी विचारलं.

"दिसला," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा हसत होता. "पूर्ण दिसला. आपल्याकडे जाताना दमलेला असतो हो. इथे न्हाऊन निघाल्यासारखा होता."

शेठजींचं अर्धं ओझं उतरलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अंगावर पाऊस पडतोय आणि बायकोच्या अंगावर पडत नाहीये. त्यांनी वर पाहिलं. दणकट दांडा, दुहेरी काड्या, जाड काळं कापड. पहिल्या दर्जाचा माल.

"ही कुठली?"

"जनकोजीरावांची. तुम्ही गेल्यावर मी सांगितलं, आम्ही चिपळूणचे छत्रीवाले. ते म्हणाले, मग आधी बोलायचें नाही काय, आणि आतून ही काढून दिली. खरेदीच्या भावाने. तेव्हापासून माझ्या बॅगेत होती." त्या थांबल्या. "तुमची परत घ्यायला तयार होते. मीच नको म्हटलं."

"का?"

"तुम्ही 'माझ्या छत्रीत ये' म्हणाल असं वाटलं होतं. तेवढं ऐकायचं होतं."

शेठजींनी काड्यांचा सांगाडा काखेत मारला. आणि ते त्या मोठ्या छत्रीत शिरले. मागच्या होडीतून कोळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या जूनमध्ये खातूंच्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ आले. आपण हायस्कुलात गणित शिकवतो, एक टिकाऊ छत्री दाखवा, असं म्हणाले. सवयीने उपेंद्रशेठ उठले आणि त्यांचा हात मागच्या खुंटीकडे गेला.

"अहो," गल्ल्यावरून रत्नप्रभाताईंचा आवाज आला, "त्यांना आतली दाखवा. ते खरे मास्तर आहेत."