इनासकाकांच्या किल्ल्यातली माणसं

वसईच्या किल्ल्यातली दारं कधीच गेली, नुसत्या दगडी चौकटी उरल्यात. तरी इनासकाका चौकटीवर बोटांनी टकटक केल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. टकटक करून ते मान किंचित कलती करतात आणि थांबतात. मग "बरं" म्हणतात आणि आत जातात. टकटक एकवेळ चालेल, पण त्या "बरं"नं माझ्या अंगावर काटा येतो.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. वसईजवळ गिरीज गावात फ्लॅट घेतला आणि काकांची केळीची वाडी शेजारी आली. माझ्याकडे कुणी पाहुणा आला की काकांना आधी कळतं. "बाय, रविवारी पाहुण्यांना शहर दाखवतो," असा निरोप कुंपणावरूनच येतो. शहर म्हणजे किल्ल्यातलं, पोर्तुगीजांनी वसवलेलं आणि आता वडापिंपळांनी गिळलेलं. काका त्यातून फिरतात ते अगदी नांदत्या गावातून फिरल्यासारखे. "बाजूला व्हा, मडमेचा मेणा येतोय," असं म्हणून त्यांनी माझ्या आत्याला काटेरी झुडपात उभं केलं होतं. आत्या त्यानंतर वसईला आली नाही.

यंदा मात्र काकांची घालमेल चालली होती. पोर्तुगालात, लिस्बनला राहणाऱ्या मुलानं त्यांना कायमचं बोलावून घेतलं होतं. काकूंना जाऊन बरीच वर्षं झालेली, घराला कुलूप लागणार, तिकीटही आलेलं. "मी गेल्यावर ह्यांच्याकडे कोण बघणार?" एवढं एकच ते पुन्हा पुन्हा विचारत. 'ह्यांच्याकडे' म्हणजे केळींकडे नव्हे, हे मला कळत होतं.

ते निघण्याआधीच्या एका रविवारी पाहुणे होते माझे दीर, सुहासभावजी. नुकतेच एका सहलीत युरोप उरकून आलेले. प्रत्येक भिंतीपाशी "लिस्बनला हेच छपरासकट आहे" म्हणायचे. काका पुढच्या चौकटीवर टकटक करत होते. ऊन उतरलं, फोटो काढणारी जोडपी निघून गेली आणि आम्ही बिनछपराच्या चर्चमध्ये शिरलो. पायाखाली थडग्यांचे दगड होते. वारा पूर्ण पडला होता, तरी कोपऱ्यातली एक वेल हलत होती.

भावजी एका दगडावर उभे राहून सेल्फी घेऊ लागले.

"पाय काढा," काका हळूच म्हणाले. "बाईंचा आत्ताच डोळा लागलाय."

भावजी हसले, पण उतरले. "नाव काय बाईंचं?"

"अक्षरं झिजलीत. मी मारीबाय म्हणतो. तिनं अजून तरी नको म्हटलेलं नाही."

"आणि म्हटलं तर?"

"तर बदलू. पलीकडच्याचं बदललं की."

यावर हसावं की पळावं हे मला कळेना. भावजींनी फोन खिशात ठेवला, तो घरी पोहोचेपर्यंत बाहेर काढला नाही.

काका एकेका दगडापाशी वाकून हाक मारत पुढे चालले होते. पेद्रू, कैतान, आणखी कोण कोण. प्रत्येक हाकेनंतर ते थांबायचे, आणि ते थांबले की भिंतीतले पारवेसुद्धा गप्प व्हायचे. शेवटी न राहवून मी विचारलं, "काका, ही माणसं तुमची कुणी नव्हेत. मग हे कशाला?"

"नोव्हेंबरात मृतांच्या सणाला आम्ही सगळे आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. ह्यांची माणसं समुद्रापलीकडे. ह्यांना कोण लावणार? तुझी काकू होती तेव्हा दोघं मिळून यायचो. तिला ह्यांची फार दया यायची. आता तीच आपल्या चर्चमागे झोपलीय."

मला फार वाईट वाटलं. भीती गेली नव्हती, तरी मी म्हणाले, "मेणबत्त्या मी लावीन. काकूंनाही लावीन."

"लावशील, ठाऊक आहे मला."

ते मारीबायच्या दगडापाशी परत येऊन खाली बसले आणि त्यावरचा पाला हातानं झाडू लागले. मग भावजींकडे वळले.

"पाहुणे, तुमचं लिस्बनला परत कधी जाणं होईल?"

"बघू. का हो काका?"

"झालं तर तिथल्या कबरस्तानात जरा चक्कर मारा. मुलगा कामाचा माणूस, त्याला जमेल न जमेल. एखाद्या दगडावर माझं नाव दिसेल. मराठीतून हाक मारा. पोर्तुगीज मला समजत नाही."